रस्ता पण, ट्रॅक पण: पॉवरवाल्या गाडीला क्लच कुठला टाकायचा?

(या भागात जे बोललो तेच इथं थोडं नीट करून लिहून दिलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा असेल तर ऐका.)

 

गेल्या काही महिन्यांत आलेल्या मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. गाडी टर्बो पेट्रोल, रिमॅप मारलेला. पाचव्या-सहाव्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की काटा वर जातो, गाडी मात्र जागच्या जागी. गॅरेजवाला म्हणतो क्लच गेला. मग एक मित्र सांगतो 'स्टेज थ्री टाक', दुसरा सांगतो 'कंपनीचाच टाक', तिसरा मोबाईलवर सहा पाकळ्यांच्या प्लेटचा फोटो दाखवतो. आणि गाडी तर घरात एकच. सोमवार ते शनिवार हीच ऑफिसला जाणार, रविवारी आईला घेऊन जोतिबाला जाणार, आणि वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणार.

तर आजचा भाग याच्यावर. फक्त मॅन्युअल गिअरबॉक्सबद्दल. डीएसजीवाल्यांनी रागवू नका, ते प्रकरण वेगळं आहे. एवढंच लक्षात ठेवा की सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या डीएसजीची मर्यादाच २५० न्यूटन मीटर आहे. तिथं ट्यून मारण्याआधी दहा वेळा विचार करा.

आधी 'ट्रॅक' म्हणजे काय ते ठरवा

आपल्याकडं ट्रॅक हा शब्द सरसकट वापरतात. पण क्लचच्या दृष्टीनं त्यात तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला, सर्किट. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं ३.७ किलोमीटरचं सर्किट, कोइमतूरचं करी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. इथं लॅप मारताना क्लच बहुतेक वेळ पूर्ण पकडलेला असतो. गाडी एकदा हलली की क्लचला काम गिअर बदलण्यापुरतं. ताण येतो तो खाली गिअर टाकताना. इंजिनाचा वेग न जुळवता वेगात तिसऱ्यावरनं दुसरा टाकला आणि पाय फटकन सोडला, की सगळा धक्का क्लच प्लेटवर.

दुसरा, ड्रॅग. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन होते, तसला प्रकार. इथं गाडी थांबलेल्या अवस्थेतून पूर्ण ताकदीनं सोडायची. क्लचचा खरा जाळ इथं.

तिसरा, ऑटोक्रॉस आणि डर्ट. इथं टायर घसरतो, त्यामुळं क्लचवरचा एकाएकी येणारा ताण कमी. पण पुन्हा पुन्हा हाफ क्लच मारावा लागतो.

आता आपल्या कोल्हापूरची एक गंमत. इथली पोरं रेसिंग शिकली मोहिते रेसिंगच्या कार्टिंग ट्रॅकवर. कार्टला क्लचचं पेडलच नसतं. सेंट्रिफ्युगल क्लच असतो, इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडतो. पुढं कुणी फॉर्म्युला गाडीत गेलं, आपला कृष्णराज महाडिक ब्रिटनला फॉर्म्युला थ्री मालिकेत धावला तसं, तर तिथंही क्लच मुख्यतः गाडी सोडण्यापुरता. नंतर गिअर पॅडलनं पडतात. म्हणजे रेसिंगचं वेड ज्यातून लागतं त्या दोन्ही ठिकाणी पायाला क्लचची सवय होत नाही. त्याची खरी परीक्षा होते रस्त्यावरच्या गाडीत. दाभोळकर कॉर्नरच्या ट्रॅफिकमध्ये पण आणि सर्किटच्या पहिल्या वळणावर पण.

आणि एक हिशेब बघा. आपल्या दारावरनं जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत चेन्नईला जातो, आणि इरुंगट्टुकोट्टई त्याच रस्त्याला लागून आहे. सरळ एकच रस्ता, पण नऊशेहून जास्त किलोमीटर. ट्रेलर असणारे किती जण आहेत आपल्यात? म्हणजे गाडी स्वतःच्या चाकांवर जाणार, तिथं पळणार आणि त्याच क्लचवर घरी येणार. तिथं क्लच बसला, तर पुढचा खर्च आणि मनस्ताप तुम्हीच मोजा. म्हणून माझ्या मते रस्ता-ट्रॅकवाल्या गाडीच्या क्लचचं पहिलं काम तुम्हाला घरी आणणं आहे.

हॉर्सपॉवर विसरा, टॉर्क विचारा

क्लच हॉर्सपॉवर पकडत नाही, टॉर्क पकडतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपला.

दोन गाड्या घ्या, दोन्ही २५० हॉर्सपॉवरच्या. एक बिनटर्बोची, ८,००० आरपीएमला ही पॉवर देणारी. तिचा त्या वेळचा टॉर्क भरतो साधारण २२० न्यूटन मीटर. दुसरी टर्बो, तीच पॉवर ४,५०० आरपीएमला देणारी. तिचा टॉर्क भरतो ३९०. पॉवर सारखी, पण दुसरीच्या क्लचवर पावणेदोन पट भार. म्हणून 'अडीचशे घोड्यांच्या गाडीला कुठला क्लच' या प्रश्नाला उत्तरच नाही.

टर्बो गाडी घसरते पण कुठं? वर ६,००० ला नाही, खाली २,००० ते ३,००० मध्ये, वरच्या गिअरमध्ये. कारण टॉर्कचा डोंगर तिथं आहे. क्लच तपासायचा असेल तर मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर वरच्या गिअरला २,००० च्या आसपास गाडी धरा आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. काटा गाडीच्या वेगाबरोबर चढला तर क्लच ठीक. काटा पुढं पळाला तर घसरतोय. एकदा बघून सोडून द्या, सारखं करू नका. प्रत्येक वेळी प्लेट भाजली जाते.

चार आकड्यांचं गणित

घाबरू नका, दहावीपुरतंच आहे. क्लच किती टॉर्क पकडणार हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: घासणाऱ्या बाजू किती, मटेरियलचा घर्षणांक किती, प्रेशर प्लेटचा दाब किती, आणि केंद्रापासून घासणाऱ्या पट्ट्याचं सरासरी अंतर किती.

उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. एक प्लेट, म्हणजे बाजू दोन. ऑरगॅनिक मटेरियल, घर्षणांक ०.३. दाब ६,००० न्यूटन, म्हणजे सहाशे किलोचं वजन ठेवल्यासारखा. अंतर १० सेंटिमीटर, म्हणजे ०.१ मीटर. गुणाकार केला की येतात ३६० न्यूटन मीटर.

आता स्लाव्हिया १.५ किंवा व्हर्टस जीटीसारखी गाडी घ्या. कंपनीचा टॉर्क २५०. समजा तिचा क्लच आपल्या उदाहरणातल्यासारखा आहे, तर शंभराहून जास्त न्यूटन मीटर शिल्लक. कंपनी एवढी शिल्लक मुद्दाम ठेवते. प्लेट झिजते, तापते, कधी चारजण आणि सामान भरून घाट चढायचा असतो.

मग तुम्ही ट्यून मारला आणि टॉर्क गेला, धरूया, ३५० वर. कागदावर अजून १० न्यूटन मीटर शिल्लक आहेत. पण प्लेट तापली आणि घर्षणांक ०.३ वरनं ०.२२ वर आला, की पकड राहिली २६४. आता क्लच घसरणारच. घसरला की आणखी तापणार, तापला की आणखी घसरणार. आपल्याकडं म्हणतात ना, जाळ अन् धूर संगटच. क्लचच्या बाबतीत धूर दिसला तेव्हा जाळ आतमध्ये होऊन गेलेला असतो.

म्हणून नियम असा धरा: ट्यूननंतर इंजिनाचा जास्तीत जास्त जेवढा टॉर्क, त्याच्या सव्वा ते दीड पट पकडणारा क्लच घ्या. ३५० असेल तर साधारण ४४० ते ५२५. डायनोवर चाकाचा आकडा मिळाला असेल तर तो इंजिनाच्या आकड्यापेक्षा कमी असतो, हे विसरू नका.

'मग आठशेवाला टाकू, विषयच संपला!' असं म्हणू नका. घरातला फ्यूज जळतो म्हणून कुणी तिथं जाड तार घालतं का? क्लच हा गाडीचा फ्यूज आहे. तो कधीच घसरला नाही तर धक्का पुढं जातो गिअरबॉक्समध्ये, डिफरन्शियलमध्ये, अ‍ॅक्सलमध्ये. क्लच प्लेट बदलणं स्वस्त, गिअरबॉक्स उघडणं महाग.

पकड वाढवायचे चार रस्ते, आणि प्रत्येकाची किंमत

पकड वाढवायची म्हणजे त्या चार आकड्यांपैकी एखादा वाढवायचा. पाचवा रस्ता नाही. कुठल्याही कंपनीची कितीही रंगीत जाहिरात बघा, ती यातलंच काहीतरी करते.

पहिला रस्ता, दाब वाढवा. जास्त ताकदीची प्रेशर प्लेट. ६,००० चे ८,००० केले की आपली ३६० ची पकड ४८० होते. गाडी सोडताना फील जवळपास कंपनीसारखाच राहतो, हा मोठा फायदा. पण पेडल जड होतं. दसरा चौकातनं व्हीनस कॉर्नरला संध्याकाळी सातला येताना तो जडपणा गुडघ्याला कळतो. शिवाय तुम्ही पेडल दाबता तेव्हा क्रँकशाफ्टवर पुढच्या दिशेनं जोर येतो आणि तो थ्रस्ट बेअरिंग झेलतं. दाब जास्त तर तिथली झीजही जास्त. हायड्रॉलिकचं सीलही आधी थकतं.

दुसरा रस्ता, मटेरियल बदला. ऑरगॅनिक ही आपली नेहमीची प्लेट: मऊ पकडते, ट्रॅफिकमध्ये हाफ क्लच सहन करते, पण साधारण अडीचशे-तीनशे अंशांपुढं तिचा दम संपतो. केव्हलार झिजायला फार चिवट, फीलही चांगला, पण एकदा भाजून काचेसारखी गुळगुळीत झाली की पुन्हा सुधारणं अवघड. शिकाऊ ड्रायव्हरच्या आणि ड्रॅगवाल्याच्या हातात केव्हलार नको. सिरॅमिक म्हणतात ती खरं तर तांब्याची पूड आणि सिरॅमिक एकत्र भाजून केलेली बटणं. घर्षणांक जास्त, उष्णता भरपूर झेलते. पण तिला मधली अवस्था आवडत नाही. एक तर पकडली, नाही तर सुटली. चढावर गाडी सोडताना गचके देते, आणि फ्लायव्हीलची बाजू लवकर खाते.

तीन, चार, सहा पाकळ्यांच्या प्लेटा बघितल्या असतील. पाकळ्या कमी म्हणजे प्लेट हलकी, गिअर पटकन पडतो. पण पाकळ्या जितक्या कमी, तितका गचका जास्त. रस्त्यावर चालवायची असेल तर सहाच्या खाली जाऊ नका.

तिसरा रस्ता, बाजू वाढवा. दोन प्लेटा टाकल्या की घासणाऱ्या बाजू चार. तेवढाच दाब, तेच मटेरियल, आणि पकड ३६० ची ७२०. पेडल हलकंच राहतं. ५०० न्यूटन मीटरच्या पुढं रस्त्यावर माणसासारखी गाडी चालवायची असेल तर हाच शहाणा मार्ग. किंमत मात्र चांगलीच वर जाते, बसवायला जागा लागते, आणि पेडल दाबल्यावर खडखड आवाज येतो. पाहुणे विचारतील, 'गाडीतनं काय वाजतंय?' सांगायची तयारी ठेवा.

चौथा रस्ता, व्यास वाढवा. कागदावर सोपा, पण बेल हाउसिंगमध्ये जागा नसते, आणि मोठी प्लेट जड असल्यानं गिअर पडायला वेळ लागतो. रेसवाले उलटं करतात. १८४ किंवा १४० मिलिमीटरचे छोटे क्लच वापरतात, व्यास कमी करून प्लेटा वाढवतात.

आता 'स्टेज'बद्दल. स्टेज वन, टू, थ्री याला कुठलंही समान माप नाही. एका कंपनीची स्टेज टू म्हणजे ऑरगॅनिक प्लेट, दुसरीची स्टेज टू म्हणजे सहा पाकळ्यांची सिरॅमिक. म्हणून दुकानदाराला स्टेज विचारू नका. विचारा: किती न्यूटन मीटर? प्लेट कुठल्या मटेरियलची? हबला स्प्रिंग आहेत का? दाब किती? चारही उत्तरं आली नाहीत तर दुसरं दुकान बघा.

फ्लायव्हील: इथं कोल्हापूरकरानं फसू नये

आपण बिडाच्या गावात राहतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिकडं बघाल तिकडं फाउंड्री. तुमच्या घरात नाहीतर शेजारी कुणीतरी मोल्डिंगला, फेटलिंगला, मशीन शॉपला असणारच. त्यांना विचारा, साधं बीड कशात कच्चं? ते सांगतील, दाबाला भारी, ओढीला कच्चं.

फ्लायव्हील फिरताना त्याच्यावर ओढच येते, केंद्रापासून बाहेर फेकणारी. ही ओढ वेगाच्या वर्गानं वाढते. ६,५०० आरपीएमची लिमिट ट्यूनरनं ८,००० केली, तर वेग वाढला पाव पटीपेक्षा कमी, पण ओढ झाली दीड पट. २८० मिलिमीटरच्या फ्लायव्हीलची कड ७,००० आरपीएमला ताशी साधारण ३७० किलोमीटरनं पळत असते. आडव्या इंजिनाच्या गाडीत ते फिरतं गाडीच्या लांबीच्या दिशेनं. म्हणजे तुकडा उडालाच तर तो जाणार पुढं, वर, नाहीतर मागं, तुमच्या पायांकडं. मध्ये अ‍ॅल्युमिनियमचं पातळ घर आणि एक पत्रा.

त्यामुळं आरपीएमची मर्यादा वाढवणार असाल तर फ्लायव्हील स्टीलचंच घ्या, आणि 'एसएफआय १.१' असा शिक्का असलेलं घ्या. रेसिंगच्या फ्लायव्हील आणि क्लचसाठीचं ते सुरक्षेचं मानक आहे. आणि उद्यमनगरात कितीही हुशार टर्नर ओळखीचा असला, तरी मूळ बिडाचं फ्लायव्हील 'हलकं करून दे' म्हणून लेथवर चढवू नका. हात कितीही चांगला असला तरी धातू बदलत नाही. फेसिंग मारणं वेगळं, मटेरियल उतरवणं वेगळं.

आता ड्युअल मास फ्लायव्हील. बऱ्याच आधुनिक टर्बो गाड्यांत हे असतं. दोन वजनं, मध्ये वाकलेल्या लांब स्प्रिंगा. इंजिनाची थरथर तिथंच जिरते, म्हणून गाडी शांत वाटते. वाढलेल्या टॉर्कनं या स्प्रिंगा थकतात. बंद करताना खडखड, सोडताना थरथर, ही लक्षणं. ड्युअल मासला लेथवर फेसिंग मारायचं नसतं, बनवणारेच तसं सांगतात. खराब झालं की बदलायचं.

बदलताना दोन पर्याय. पुन्हा ड्युअल मास, किंवा सिंगल मास. सिंगल मास मजबूत, पण थरथर जिरवायचं काम आता प्लेटच्या हबमधल्या स्प्रिंगांवर येतं. म्हणून सिंगल मासबरोबर बिनस्प्रिंगची प्लेट रस्त्यावरच्या गाडीत टाकू नका. सगळी थरथर गिअरबॉक्समध्ये जाईल, आणि न्यूट्रलला डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येईल.

आणि फार हलकं फ्लायव्हीलही नको. इंजिन चटचट वर जातं, ऐकायला नाद खुळा. पण एसी लावून रंकाळ्याच्या गर्दीत गाडी सारखी बंद पडते. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: फ्लायव्हील ही उष्णता साठवायची टाकी आहे. टाकी अर्धी केली की ती दुप्पट लवकर तापते.

उष्णता: घाट आणि लाँच

दोन हिशेब सांगतो. गाडी १,४०० किलोची. शांतपणे सोडली आणि ताशी १० किलोमीटरला क्लच पूर्ण पकडला, तर क्लचमध्ये जिरते साधारण साडेपाच किलोज्यूल उष्णता. तीच गाडी ड्रॅगला आरपीएम धरून सोडली आणि ताशी ४० ला पकडली, तर जिरते ८६ किलोज्यूल. वेग चौपट, उष्णता सोळा पट. असे दहा लाँच ओळीनं मारले आणि मध्ये थंड व्हायला वेळ दिला नाही, तर कुठलीही ऑरगॅनिक प्लेट रडणार.

दुसरा हिशेब घाटाचा. गगनबावड्याचा करूळ घाट, पुढं ट्रक अडकलाय, तुम्ही चढावर हाफ क्लचवर गाडी धरून उभे. दहा टक्के चढ धरला तर क्लचमध्ये साधारण पावणेपाच किलोवॅट उष्णता तयार होते. घरातले दोन-अडीच गिझर एकदम लावल्यासारखं. अर्ध्या मिनिटात १४० किलोज्यूलच्या वर. म्हणजे एका जोरदार लाँचपेक्षा जास्त! ट्रॅकवर न जाताही क्लच जळतो तो असा. हँडब्रेक ओढा, पाय काढा, न्यूट्रल करा. फुकटचा अपग्रेड आहे.

आणि उतारावरची एक गोष्ट, ही मात्र नीट ऐका. घाट उतरताना काहीजण खालचा गिअर टाकून क्लच दाबून ठेवतात. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण प्लेट चाकांना जोडलेलीच असते. समजा पहिला गिअर ६,५०० आरपीएमला ताशी ५० ला संपतो. गाडी १०० च्या वेगात, क्लच दाबलेला, आणि चुकून पहिला पडला, तर प्लेट फिरते १३,००० नं. डॅशबोर्डवरचा काटा खालीच असतो, काही दिसत नाही. प्लेटवरचं अस्तर सुटून चिंध्या होतात. ट्रॅकवर घाईत चुकीचा गिअर पडला तरी हेच. रेसची प्लेट असो की कंपनीची, इथं कुणीच वाचवत नाही.

मग नक्की काय टाकायचं?

रोजची गाडी, ट्यूननंतर टॉर्क ३५० पर्यंत, वर्षाला एक-दोन सर्किटचे दिवस: चांगल्या दाबाची प्रेशर प्लेट, पूर्ण गोल ऑरगॅनिक प्लेट, हबला स्प्रिंग. ड्युअल मास चांगलं असेल आणि त्याची मर्यादा पुरत असेल तर ठेवा. आपल्यातल्या दहापैकी आठजणांना एवढंच पुरतं. सर्किटवर जाता म्हणून पाकळ्यांची प्लेट लागते हा गैरसमज आहे.

टॉर्क ४०० ते ४५०, ट्रॅकवर नेहमी जाणं: सिंगल मास स्टील फ्लायव्हील, आणि सहा पाकळ्यांची स्प्रिंगवाली सिरॅमिक, किंवा एका बाजूला ऑरगॅनिक आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिक असलेली प्लेट. घरातलं दुसरं कुणी गाडी चालवत असेल तर आधी त्यांना अशी गाडी चालवायला द्या, मग ऑर्डर करा.

५०० च्या पुढं आणि तरी रोज वापर: दोन प्लेटांचा क्लच. बजेट नसेल तर टॉर्क कमी करून घ्या. ट्यूनरला सांगून खालच्या आरपीएमचा टॉर्क थोडा उतरवला, वरची पॉवर तशीच ठेवली, तर क्लच आणि गिअरबॉक्स दोन्ही वाचतात. लॅपमध्ये फारसा फरक पडत नाही, कारण तिथं तुम्ही वरच असता.

फक्त ड्रॅग: तिथं रस्त्याचे नियम लागू नाहीत, पण त्या गाडीनं आईला बाजारात नेऊ नका.

आणि रस्त्यावर शर्यत? भावांनो, ते नको. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवा, समोरनं येणाऱ्या माणसानं तुमच्या रेसमध्ये नाव दिलेलं नसतं. ट्यून आणि क्लचची माहिती विमा कंपनीलाही द्या.

बसवताना

गिअरबॉक्स खाली उतरवला की लेबर लागलंच. तेव्हा रिलीज बेअरिंग, स्लेव्ह सिलिंडर आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवे टाका. मागचं ऑइल सील बघा, थेंबभर तेल प्लेटवर आलं की भारीतली भारी प्लेटही गेली. फ्लायव्हील ब्रेक क्लीनरनं पुसा, प्लेटला तेलकट हात लावू देऊ नका. प्लेट मध्यभागी बसवायला अलाइनमेंटचं टूल वापरा. बोल्ट टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर आणि क्रमानं. हायड्रॉलिकची हवा काढून नवं ब्रेक ऑइल भरा. आणि मेस्त्री काम करतोय तेव्हा त्याला घाई करू नका. चहा पाजा, डोकं खाऊ नका.

शेवटचं, बेडिंग. नवी प्लेट फ्लायव्हीलवर बसायला कंपनीनं सांगितलेलं अंतर लागतं, साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. पण ते शहरातले, गाडी थांबून सुटण्याचे किलोमीटर. 'पुण्याला जाऊन आलो, साडेचारशे झाले' हे चालत नाही. हायवेवर क्लच पकडलेलाच असतो, घासणार कधी? तेवढे दिवस गावात फिरा, राजारामपुरी, शाहूपुरी, महाद्वार रोड. हळू सोडा, फुल पॉवर नको, लाँच तर नकोच. या काळात घाई केली तर प्लेट गुळगुळीत होते आणि दोष क्लच बनवणाऱ्याला मिळतो.

तर मंडळी, दुकानात जाण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहा: ट्यूननंतरचा टॉर्क किती, आरपीएमची मर्यादा किती, सर्किट की ड्रॅग, रोजचे किलोमीटर किती, आणि गाडी अजून कोण चालवतं. हा कागद समोर ठेवून प्रश्न विचारा. निम्मे सल्ले तिथंच गळून पडतील.

तुमच्या गाडीचे हे पाच आकडे मला मेसेज करा. पुढच्या भागात त्यातल्या काही गाड्यांचा हिशेब आपण इथंच मांडू. तोपर्यंत ट्रॅकवर जोरात, रस्त्यावर बेतानं, आणि घाटात हँडब्रेकवर. भेटू!